इंजिन बांधून झालं, आता रनिंगला कसं आणायचं (गॅरेज लाइनला नवीन लागलेल्या पोरांसाठी)

दसऱ्याच्या आसपास आमच्या बीडकडं इंजिन कामाची रांग लागते, उसाचा सीझन तोंडावर अन् मालकाला गाडी कालच पाहिजे असते. नवीन पोरं टायपिट (व्हॉल्व्हचा गॅप) धरायला, हेड उतरवायला लवकर शिकतात, पण नंतरचं कुणी धड सांगत नाही म्हणून लिहायलोय.

पहिला सेल्फ मारायच्या आधी ऑइल फिल्टर भरून लावा, टर्बोच्या लाइनमधी थोडं ऑइल सोडा, डिझेल बंद ठेवून थांबत थांबत सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच डिझेल. बेअरिंग कोरडं फिरलं तर तिथंच चरे पडतात. अन् रेडिएटरमधी बोअरचं पाणी नको, आपल्याकडचं पाणी किती जड ते घरच्या हिटरच्या कॉइलवर दिसतंच, कूलंटच टाका.

आता खरा मुद्दा. अजूनही बरेच उस्ताद म्हणतात रात्रभर आयडलिंगला (लोड न देता नुसतं चालू) सोडा, पिस्टनच्या रिंगा बसतील, म्हंजे घासून जुळतील. बसत नाहीत हो! जळलेल्या गॅसचं प्रेशर रिंगच्या मागं शिरतं अन् तिला लायनरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) दाबतं, लोडच नाही तर प्रेशर कुठून येणार? लायनरवर होनिंगच्या (आतून घासून काढलेल्या) तिरप्या रेघा असतात, रिंग त्यांच्यावर घासूनच जुळते. नुसतं आयडलिंग केलं की त्या रेघांत जळकं ऑइल बसतं, लायनर काचेवानी गुळगुळीत होतो, मग गाडी ऑइल प्यायला लागते, ब्रीदरमधून (इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी) धूर, अन् मालक म्हणतो रिंगा डुप्लिकेट टाकल्या.

म्हणून चालू झालं, लिकेज बघितलं, इंजिन गरम झालं की सरळ रोडला काढा, तेबी साधारण अर्ध्या लोडवर. गेवराईकडं हायवे मोकळा सापडतो, तिथं जरा जोर द्यायचा, मग रेस सोडायची, परत जोर, एकाच स्पीडला धरून बसायचं नाही. वरच्या गिअरमधी गुदमरवत ओढू नका, अन् फुल लोड घालून मांजरसुंब्याचा घाट पहिल्याच खेपेला नको. सगळ्यात वाईट म्हंजे साखर कारखान्याची लाइन, गाडी तासन् तास चालू ठेवून इंच इंच पुढं, त्यापेक्षा बंद करून बसा, फक्त टर्बोला दोन-तीन मिनिटं थंड होऊ द्या.

ऑइल मॅन्युअलमधलंच, बहुतेक गाड्यांना १५डब्ल्यू-४० मिनरल चालतं, रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक नको. पहिलं ऑइल लवकर बदला अन् जुना फिल्टर कापून बघा, बारीक चमक चालते, धातूच्या चकत्या दिसल्या तर चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोला. टायपिट परत चेक करा. हेडचे बोल्ट परत टाइट करायचे का नाही तेबी मॅन्युअल बघूनच, सगळ्या इंजिनला ते चालत नाही.

हे सगळं ड्रायव्हरला समोर बसवून सांगा, मालकाला सांगून उपयोग नसतो. रोज सकाळी गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढून किती ऑइल टाकलं ते त्याला वहीत लिहायला लावा, ते टाकणं कमी कमी होत थांबलं की समजा रिंगा बसल्या, मग भरा ऊस.