प्रेक्षक, दर्शक, निरीक्षक : लिहिताना या चुका टाळा

मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक पाहायला बसलेला माणूस हा प्रेक्षक होय. तरीही अलीकडच्या सूत्रसंचालनात ‘उपस्थित दर्शकांचे आभार’ असे सर्रास ऐकू येते. हिंदीत पाहणाऱ्याला दर्शक म्हणतात. मराठीतला दर्शक मात्र बहुतेक वेळा दाखवणारा असतो. मार्गदर्शक मार्ग दाखवतो, दिशादर्शक फलक दिशा दाखवतो आणि ‘हा’, ‘ती’ ही दर्शक सर्वनामे जवळची किंवा दूरची वस्तू दाखवतात. पाहणारा हा अर्थ संस्कृतातून आलेला असल्यामुळे त्याला अशुद्ध म्हणता येणार नाही, पण प्रेक्षक हा रुळलेला शब्द हाताशी असताना तो बाजूला सारण्याचे कारण दिसत नाही. गाण्याच्या मैफलीला आलेले ते श्रोते. गायन आणि नृत्य एकाच कार्यक्रमात असेल, तर ‘रसिक’ म्हणावे.

शुद्धलेखनाच्या बहुतेक चुका ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूकडे दुर्लक्ष केल्याने होतात. निर् + ईक्षक, परि + ईक्षक, सम् + ईक्षक अशी फोड केली की निरीक्षक, परीक्षक आणि समीक्षक या तिन्ही शब्दांत दीर्घ ईकार का येतो, हे लगेच कळते. प्रेक्षक आणि पर्यवेक्षक यांत हाच ‘ई’ आधीच्या अकाराशी मिळून ‘ए’ झाला आहे, म्हणून तेथे सहसा कोणी चुकत नाही. अर्थाची गल्लत मात्र शाळांच्या सूचनाफलकांवरही होते : परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे पर्यवेक्षक आणि उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक.

सर्वांत फसवा शब्द ऐरोलीच्या खाडीकाठी भेटतो. रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटीतून एकदा फेरफटका मारणारा पर्यटक असतो; दुर्बीण आणि वही घेऊन प्रजाती, संख्या, वेळ टिपून ठेवणारा पक्षिनिरीक्षक. हा शब्द ‘पक्षीनिरिक्षक’ असा, म्हणजे दोन्ही ठिकाणी नेमका उलटा लिहिला जातो. मूळ शब्द ‘पक्षिन्’ असल्यामुळे समासात ‘क्षि’ ऱ्हस्व राहतो, तर ‘री’ वर सांगितलेल्या कारणाने दीर्घ.

वाढदिवसाच्या फलकांवरील ‘दृष्टा नेता’ हाही चुकीचाच. पाहणारा तो द्रष्टा. दृष्ट म्हणजे पाहिलेला, किंवा मग मीठमोहऱ्या ओवाळून काढतात ती. शिवाय द्रष्टा म्हणजे नुसता पाहणारा नव्हे, तर पुढचे ओळखणारा, तेव्हा हे विशेषण जरा जपूनच वापरावे.

घोडबंदर रस्त्यावरील अपघाताच्या बातमीत ‘प्रेक्षकांची गर्दी’ लिहू नये. तेथे जमतात ते बघे, आणि त्यांच्यापैकी जो पुढे येऊन पोलिसांना जबाब देतो तो साक्षीदार.