पावसात चूल पेटवायला शिकताना

आषाढाची झड लागली की बरीच स्काउट पथकं शिबिराचा विचार दिवाळीपर्यंत सोडून देतात. मला ते पटत नाही. उन्हाळ्यात चूल कुणाचीही पेटते. जळण ओळखायला शिकवतो तो पाऊस, आणि कोल्हापूरच्या पश्चिमेला तो भरपूर मिळतो.

पोरांनो, आधी जागा. गडावर आणि राखीव जंगलात विस्तव करायचाच नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला एखाद्या शेतकरीमामांना विचारून त्यांच्या मोकळ्या रानात बसा, गंजी आणि गोठ्यापासून लांब. नदीकाठ नको. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि खाली उघडीप असली तरी भोगावतीचं पाणी चढतं.

चुलीला दगड हाताला लागेल तो घेऊ नका. मसाई पठाराकडचा जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी धरून बसतो. ओढ्यातले दगडही तसेच. तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, दगड फुटतो आणि कपची डोळ्यात जाऊ शकते. मामांच्या पडवीतल्या कोरड्या विटा मागून घ्या.

आता जळण. सगळा खेळ इथं आहे, म्हणून इथं घाई नको. जमिनीवर पडलेली फांदी सोडून द्या, तिनं खालून ओल घेतलेली असते. झाडावरच वाळलेली, अडकून राहिलेली काटकी शोधा. काडकन मोडली तर घ्यायची, नुसती वाकली तर टाकायची. जाड लाकूड वरून भिजलेलं दिसलं तरी आत बहुतेक वेळा कोरडं असतं. ते फोडून आतल्या गाभ्याच्या ढलप्या काढा. कोयता मोठ्यांच्या हातात, लहानांनी चाकूनं साल काढायची, पातं अंगापासून लांब ठेवून. मग तीन ढीग करा : काडीपेटीतल्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या. पहिला ढीग दोन्ही हातांची ओंजळ भरून सांडेल एवढा हवा. तो होईपर्यंत संघनायकानं, म्हणजे तुमच्या गटाच्या म्होरक्यानं, काडीपेटी बाहेर काढू नये.

कण्हेरीला हात लावू नका, तिचा धूरही विषारी. कुंपणाच्या शेराचा चीक डोळ्याला घातक, बिब्याचा कातडीला. ही तीन झाडं ओळखता येईपर्यंत जळण गोळा करायला एकट्यानं जायचं नाही.

घरून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन शेणी (गोवऱ्या), मूठभर कोरडं उसाचं पाचट आणि मेणबत्तीचा तुकडा आणा. पाचट भडकन पेटतं आणि तसंच विझतं. शेणी उशिरा पेटते, पण निखारा धरून ठेवते. दोन्ही लागतात. रॉकेल मात्र आमच्या पथकात चालत नाही.

ओल्या जमिनीवर अंगठ्याएवढ्या काटक्या एकमेकींना चिकटवून अंथरा. त्यावर पाचट, मेणबत्तीचा तुकडा, शेणीचा चुरा आणि भोवती बारीक काड्या उभ्या टेकवून ठेवा. वाऱ्याकडं पाठ करून बसा. पावसाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा. काडी खालून लावा. पहिल्या काड्या तडतडल्याशिवाय पेन्सिलीएवढ्या घालू नका. धूर कोंडला तर फुंकण्याआधी एखादी काडी उचलून हवेला वाट द्या. ओलं लाकूड चुलीच्या कडेला लावा, वाळत राहील.

वर ताडपत्री बांधायची असेल तर मोठ्या माणसाच्या उंचावलेल्या हाताच्याही वर, वाऱ्याच्या बाजूला उतरती. दोरीला खांबाशी क्लोव्ह हिचची गाठ, वर दोन हाफ हिचच्या. चुलीजवळ नायलॉनची दोरी वितळते, सुती वापरा.

पहिलं आधण चहाचं. भिजलेल्या पोरांच्या पोटात काहीतरी गरम गेलं पाहिजे, तोवर भडंग आहेच. मग खिचडी.

निघताना पाणी ओता, काठीनं राख ढवळा, परत ओता. तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा; जराही धग लागली तर पुन्हा पाणी. विटा गार झाल्या की पुसून पडवीत जिथल्या तिथं लावा आणि मामांना जागा दाखवूनच निघा.