दुनळी हातात घेताना

शेती संरक्षणाच्या परवान्यावर गावाकडे ठासणीची नाहीतर काडतुसाची बंदूक असते. इथलं सगळं बारा बोअरच्या, काडतुसाच्या दुनळीबद्दल आहे. बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही ते नुसतं बघून कळत नाही, त्यामुळे तिची रीत वेगळी.

बंदूक दुसऱ्याच्या हातातून घ्या, कपाटातून काढा, नाहीतर पाच मिनिटांपूर्वी स्वतःच ठेवलेली उचला. पहिलं काम तेच. तोंड जमिनीकडे, बोट चापाबाहेर, अंगठ्याने वरची कळ उजवीकडे सारून नळ्या वाकवायच्या आणि काडतुसाची दोन्ही घरं बघायची. अंधार असेल तर बोट घालून चाचपायची. कुणाला द्यायची तर अशी उघडीच, दस्ता पुढे करून द्यायची. ‘रिकामी आहे’ या तोंडच्या शब्दावर बंदूक कधीच घेऊ नये.

सेफ्टीवर फार विसंबू नका. बहुतेक दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते. आतले घोडे ताणलेलेच राहतात, आणि बंदूक आपटली की झिजलेल्या खाचेतून घोडा सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकींना तर बहुधा सेफ्टी नसतेच. म्हणून गडगा ओलांडताना, वहाळ उतरताना, मचाणावर चढताना काडतुसं काढून खिशात टाकायची. एक नळी झाडून झाली तरी दुसरी भरलेली असते, हे घाईत सुटतं. रिकामी नळी पुन्हा भरताना दोन्ही काडतुसं बाहेर काढा.

भरण्याआधी नळ्यांतून आरपार उजेड दिसलाच पाहिजे. पावसाळ्यात ठेवून दिलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, साफ करताना चिंधीचा तुकडा आत राहतो, चालताना तोंडात चिखल जातो. एवढ्याशा अडथळ्यानेही नळी तिथेच फुगते किंवा फाटते, आणि अडथळा मधे असला तर नेमका डावा हात तिथे असतो. बार नेहमीसारखा न होता ‘फुस्स’ झाला, धक्का हलका लागला, तर पुढचा बार अजिबात टाकू नका. काडतुसातला वॅड, म्हणजे दारू आणि छर्रा यांच्यामधला बोळा, नळीतच अडकलेला असू शकतो. बंदूक उघडा, रिकामी करा, नळी बघा.

सगळ्यात घातक चूक खिशात होते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरात ठरत नाही, घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर घर रिकामं वाटतं, मग त्यामागे बाराचं काडतूस सहज बसतं आणि चाप ओढला की नळी फुटते. पुष्कळ कंपन्या वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी, पण रंगावर जाऊ नका. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत नकोतच. लांबीही बघा. जुन्या बंदुकीचं घर ६५ मिलिमीटरचं असतं आणि काडतुसावर ७० लिहिलेलं असतं. तो आकडा उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाचा आहे. न उडालेलं आखूड असल्याने आत छान बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

बंद करताना नळ्या वर उचलू नका, दस्ता वर आणा. तोंड खालीच राहतं.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक खांद्याला तशीच, तोंड मोकळ्या दिशेला, एक मिनिट थांबा. बार उशिराही होतो. मग चेहरा बाजूला ठेवून उघडा. ते काडतूस पुन्हा वापरू नका.

छर्रा पडतो कुठे, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो, एसजी हा जाड छर्रा सहाशेच्याही पुढे. झाडामागची वाडी, पायवाट, चरणारी गुरं त्या टप्प्यात असतील तर बार नाही. परवाना बंदुकीचा असतो, डुक्कर मारण्याचा नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. आणि लग्नात, वरातीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा, गुन्हा आहे.

घरी बंदूक खुंटीवर नको. पुढचं लाकूड काढलं की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात. असे भाग कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या पोरांच्या हाताबाहेर. साफ करताना गज काडतुसाच्या बाजूने घालून तोंडाकडे काढा, कोरड्या चिंधीने धुराची काजळी निघाली की तेलाचा पातळ हात. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते आणि महिनाभरात नळीवर गंजाचे ठिपके येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसा, आणि भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा.