टिबाल्ट, बेनव्होलिओ आणि माझे दहापैकी तीन

बी.ए.ला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लागलंय म्हणून धास्तावलेल्यांसाठी लिहितेय. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे: माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन वैरी घराणी, रोमिओ पहिल्यातला, ज्युलिएट दुसऱ्यातली.

मला इंटर्नलला दहापैकी तीन पडले. ज्युलिएटच्या बाजूचा टिबाल्ट आणि रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ यांच्या विरोधातून ताण कसा चढतो, असा प्रश्न होता. मी पानाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे टिबाल्ट: तापट. उजवीकडे बेनव्होलिओ: समजूतदार. मॅडमनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, ‘कुठे?’ आठवडाभर फुगून बसले होते मी. रकाने सीनियरच्या झेरॉक्स नोट्समधले, त्यामुळे निम्म्या वर्गाने तीच रेघ ओढलेली. त्या नोट्स घेऊच नका. सिनेमावरही विसंबू नका. एकात पिस्तुलं आहेत, आमच्यातल्या एकाने तीही पेपरात चालवली.

मग नाटक उघडलं. पहिल्याच प्रवेशात बेनव्होलिओ तलवार उपसतो ती नोकरांची मारामारी सोडवायला. टिबाल्टला दिसते फक्त तलवार. कॅप्युलेटच्या मेजवानीत तो रोमिओला आवाजावरून ओळखतो, पण कॅप्युलेट, म्हणजे ज्युलिएटचा बाप, त्याला झापतो. (टिबाल्ट ज्युलिएटचा मामेभाऊ, म्हणजे कॅप्युलेट त्याचा आतोबा. हे नातं मांडलं की राग का गिळला ते कळतं.) दुसऱ्या अंकात तो दिसतच नाही, फक्त त्याची आव्हानाची चिठ्ठी रोमिओच्या घरी येते.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बेनव्होलिओ म्हणतो, उकाडा आहे, कॅप्युलेटची माणसं बाहेर आहेत, घरी जाऊ. हे मी मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, लाइट गेलेली असताना वाचलं. सोलापूरकराला ते समजावून सांगायला नको. दुपारी दोनला सात रस्ता चौकात रिक्षाला नुसता धक्का लागू दे.

इथेच मी फसले होते, म्हणून नीट वाचा. टिबाल्ट रोमिओला नीच म्हणतो आणि रोमिओ गोड बोलतो. का? तासाभरापूर्वीच त्याचं ज्युलिएटशी लग्न लागलंय, टिबाल्ट आता त्याचा मेव्हणा आहे. हे आपल्याला ठाऊक, टिबाल्टला नाही, रोमिओच्या मित्राला, मर्क्युशिओलाही नाही. मर्क्युशिओला ती शरणागती वाटते, तो तलवार काढतो. रोमिओ मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबाल्टचा वार मर्क्युशिओला लागतो. ताण तापटपणातून नाही, न सांगितलेल्या गोष्टीतून चढतो. म्हणून प्रत्येक प्रवेशापुढे पेन्सिलीने एवढंच लिहा: कोण कोणाला काय सांगत नाहीये?

आणि बेनव्होलिओ ‘समजूतदार’? त्याच प्रवेशात मर्क्युशिओ त्याला टोमणा मारतो: रस्त्यात कुणी खोकला, उन्हात झोपलेलं तुझं कुत्रं जागं झालं, म्हणून तू भांडलास! चेष्टा असेलही. रकान्यात ती मावत नाही.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, माझं अजून कच्चंच आहे. एक प्रवेश चारदा वाचला तरी चालतो.

मर्क्युशिओच्या मृत्यूचा सूड म्हणून रोमिओने टिबाल्टला मारल्यावर बेनव्होलिओ व्हेरोना शहराच्या प्रिन्सला हकिगत सांगतो आणि पुन्हा नाटकात दिसत नाही. दोन अंक शिल्लक होते, आणि माझे दोन्ही रकाने तिथेच संपले होते.