लॅपटॉपला मॉनिटर जोडायचाय? आधी टेप घ्या, मग रिझोल्यूशन ठरवा

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे सात-आठ तास पीडीएफ उघडून ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं तपासत बसायचं. लॅपटॉपच्या १४ इंची पडद्यावर मान वाकवून खांदे भरून यायला लागले, तेव्हा २७ इंची मॉनिटर घेतला. पडदा मोठा म्हणजे अक्षर मोठं आणि अक्षर मोठं म्हणजे डोळ्यांना आराम, एवढाच विचार केला होता. रिझोल्यूशन फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८०: आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजेच पिक्सेल. लॅपटॉपचंही तेच होतं, त्यामुळे मनात शंकाच आली नाही.

पहिल्याच आठवड्यात एका प्रुफातला ‘कनिष्ट’ माझ्या नजरेतून निसटला. तो ‘कनिष्ठ’ हवा होता. ष्ट आणि ष्ठ यांत फरक तो केवढा? खालचा ट एका बाजूने उघडा, ठ पूर्ण बंद. मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट घेतला आणि आठपट मोठा करून पाहिला. जोडाक्षराचा खालचा भाग उंचीला जेमतेम पाच पिक्सेल भरत होता. ज्या जागी ठ बंद होतो आणि ट उघडा राहतो, तिथे सगळा निवाडा एका फिकट करड्या चौकोनावर होता. तो चौकोन थोडा गडद असता तर ठ, थोडा फिका असता तर ट. अनुस्वार म्हणजे चार चौकोनांचा पुंजका, आणि रु-रू मधला फरक तर बारीक टाइपात ओळखण्यापेक्षा संदर्भावरून ताडावा लागत होता. मुद्रितशोधकाने ताडायचं नसतं, बघायचं असतं.

झालं होतं ते असं. लॅपटॉपवर १९२० पिक्सेल १४ इंची पडद्यावर दाटीवाटीने बसलेले होते, इंचाला सुमारे १५७. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले, तेव्हा इंचाला ८२ उरले. त्यामुळे अक्षरं वाढली खरी, पण त्यांना घडवणारे ठिपकेही तेवढेच वाढले. नुसता रिझोल्यूशनचा आकडा म्हणूनच काही सांगत नाही. तो किती इंचांवर पसरलाय आणि तुम्ही किती लांबून बघताय, हे दोन्ही हाताशी असल्याशिवाय निवड होत नाही.

म्हणून पहिलं काम टेपचं. रोज जसं बसता तसंच बसा, ताठ होऊन नव्हे. चष्मा असेल तर लावा. डोळ्यापासून जिथे मॉनिटरचा पडदा येईल तिथपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. माझं ६५ सेंटिमीटर भरलं. साधारण टेबलावर ते ६० ते ७० च्या आसपास येतं.

आता त्या अंतराचं काय करायचं? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक अंतर वेगळं दिसतं. त्याहून लहान ठिपके एकमेकांत मिसळतात आणि रेघ सलग वाटते. हिशेब सोपा आहे: पिक्सेलची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३४३८ ने गुणा. जे मिलिमीटर येतील, तेवढ्या अंतरापलीकडे ठिपके दिसेनासे होतात. पिक्सेलची रुंदी मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘पिक्सेल पिच’ या नावाने दिलेली असते.

मी सगळ्या नेहमीच्या मापांचा हिशेब करून कागदावर मांडला. २७ इंची फुल एचडीचा पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपके मिटायला एक मीटरहून जास्त लांब बसावं लागेल. २४ इंची फुल एचडीला ९५ सेंटिमीटर. २७ इंची क्यूएचडी, म्हणजे २५६०×१४४०, याला ८०. ३२ इंची फोर-के, म्हणजे ३८४०×२१६०, याला सुमारे ६३. आणि २७ इंची फोर-केला ५४ च्या आत. कागद बघताच माझ्या ६५ सेंटिमीटरला काय चालेल ते स्पष्ट झालं. शेवटचे दोनच.

पण याचा अर्थ सगळ्यांनी फोर-केच घ्यावा असा नाही. माझी ताई हिशेबाचं काम करते. तिच्यासमोर दिवसभर एक्सेलची लांबलचक पत्रकं. तिला अक्षराची कड नितळ असण्यापेक्षा जास्त रकाने एका नजरेत मावणं महत्त्वाचं. आकड्यांत जोडाक्षरं नसतात, मात्रा नसतात. साधे आकडे इंचाला ९० पिक्सेलांवरही सरळ वाचता येतात. तिला मी २७ इंची क्यूएचडी घ्यायला लावला आणि तो तिला अगदी बरोबर बसला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मॉनिटर घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात मला तो ऐकू येतो. फोर-के घेतला की पडद्यावर चौपट जागा मिळेल असं वाटतं. पिक्सेल फुल एचडीच्या चौपट असतात हे खरं. पण २७ इंचांवर फोर-के १०० टक्के स्केलवर, म्हणजे अक्षरांचा आकार न वाढवता चालवलात तर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मग विंडोजमध्ये स्केल १५० टक्के करावं लागतं, आणि तसं केलं की जागा मिळते बरोबर २५६०×१४४० एवढी, म्हणजे क्यूएचडीइतकीच. मिळालेले जादा पिक्सेल जागेत न जाता अक्षर घडवण्यात खर्च होतात. मला तेच हवं होतं. ताईला नको होतं, मग तिने लॅपटॉपवरचा भार कशाला वाढवायचा? जागाही हवी आणि नितळपणाही, तर ३२ इंची फोर-के १२५ टक्क्यांवर चांगला, फक्त टेबल पुरेसं खोल हवं.

अक्षर लहान वाटलं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशनच कमी करणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. पडद्याचे पिक्सेल पक्के असतात. ३८४० च्या जागी २५६० चं चित्र दिलं की चित्राच्या एका पिक्सेलच्या वाट्याला पडद्याचा दीड पिक्सेल येतो, आणि दीड पिक्सेल दाखवता येत नसल्यामुळे शिरोरेषेपासून सगळं पुसट होतं. रिझोल्यूशन मूळचंच ठेवा, आकार स्केलने वाढवा.

मॅकवाल्यांसाठी थोडं वेगळं. मॅकओएस अशा वेळी आधी ५१२०×२८८० चं चित्र तयार करतं आणि मग ते फोर-केच्या पडद्यावर आवळून बसवतं. दिसतं छान, काम थोडं वाढतं. शिवाय २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून मॅकओएसने कमी घनतेच्या पडद्यांवर अक्षरं नितळ करण्याची जुनी पद्धत बंद केली, त्यामुळे २७ इंची क्यूएचडीवर विंडोजमध्ये ठीक दिसणारा मजकूर मॅकवर जरा भुरका वाटतो. मॅक आणि दिवसभर वाचन असेल, तर फोर-केच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता लॅपटॉपची बाजू. मी फोर-के आणला, जवळच्या यूएसबी-सी हबमधून (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) एचडीएमआयने जोडला. अक्षरं सुरेख आली. पण पान सरकवलं की ओळी धक्के खात सरकायच्या आणि माउसचा बाण हातामागून ओढल्यासारखा यायचा. संध्याकाळपर्यंत डोकं जड. दोष मी मॉनिटरला देत होते. तो तिथे नव्हताच. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत गेल्यावर रिफ्रेश रेट दिसला: ३० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं.

कारण वाहतुकीचं आहे. फोर-केचं चित्र ६० हर्ट्झला पाठवायचं तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती जावी लागते. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२, त्यामुळे ते ३० वर थांबतं. एचडीएमआय २.० ची १८, त्यावर ६० आरामात. यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. माझा हब त्यातल्या दोन पेनड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी राखून ठेवत होता आणि उरलेल्या दोनच चित्राला देत होता. डिस्प्लेपोर्ट ही एचडीएमआयसारखीच चित्र पाठवण्याची पद्धत; तिच्या जुन्या १.२ आवृत्तीवाल्या लॅपटॉपला तेवढ्यात ६० जमत नाही. मी हब बाजूला केला, यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल लावली, चारही मार्गिका चित्राला मिळाल्या आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच मॉनिटरवर ६० हर्ट्झ आले. कीबोर्ड-माउस दुसऱ्या पोर्टात गेले.

तेव्हा मॉनिटर घेण्याआधी लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक शोधा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बाहेरच्या डिस्प्लेची कमाल मर्यादा वाचा. नुसतं ‘फोर-के चालतो’ एवढं पुरत नाही, पुढे ६० हर्ट्झ लिहिलंय का ते पाहा. एचडीएमआयसाठी एक आणि यूएसबी-सीसाठी वेगळा आकडा असू शकतो. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र जातंच असंही नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. शेजारी टोकाला बाण असलेली विजेची (थंडरबोल्टची) खूण किंवा डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह असेल तर बहुतेक जातं, खूण नसेल तर माहितीपत्रकावरच भरवसा ठेवा. लॅपटॉप ३० च्या वर जात नसेल तर फोर-के घेऊ नका. त्या लॅपटॉपला क्यूएचडी ६० हर्ट्झवर जोडलेला केव्हाही बरा.

दोन्ही पडदे एकत्र वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट जुळवून घ्या. १४ इंची फुल एचडी लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि २७ इंची क्यूएचडी १०० टक्क्यांवर ठेवला, तर दोन्हीकडे अक्षराची उंची जवळपास सारखी येते. फोर-के असेल तर तो १५० वर. मग खिडकी इकडून तिकडे ओढताना मजकूर एकदम फुगत किंवा आक्रसत नाही. काही जुनी सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या पडद्यावर गेल्यावर धूसर होतात. माझं एक जुनं फॉन्ट-रूपांतराचं साधन तसं होतं, ते मी लॅपटॉपच्याच पडद्यावर ठेवते.

जोडणी झाली की पहिल्याच दिवशी, परत करण्याची मुदत हातात असताना, तपासून घ्या. आधी ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन डेस्कटॉपचं आणि सिग्नलचं रिझोल्यूशन एकच आहे ना, हर्ट्झ ६० आहे ना ते पाहा. मग काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत एक ओळ लिहा. कडा रंग सांडल्यासारख्या दिसल्या तर रंगाची माहिती काटून पाठवली जातेय, केबल किंवा पोर्ट बदला. शेवटी तुमच्या रोजच्या कामातलं सगळ्यात बारीक पान उघडा, रोजच्या अंतरावर टेका आणि वाचा. मी एका ओळीत ‘कनिष्ट कनिष्ठ, रुपये रूपे, उद्योग उद्धव’ असं १० पॉइंटमध्ये टाइप करून ठेवलंय. नवा पडदा समोर आला की पुढे न झुकता ती ओळ वाचते.