टांगाईलचा देखावा: पॅराशूट रेजिमेंट मंडपात उभी करायची तर

पॅराशूट रेजिमेंटवर देखावा करायचं ठरलं की मंडळाच्या मीटिंगमध्ये पहिली मागणी येते विमानाची. मोठं विमान, खाली छत्र्या, थोडा धूर. असा देखावा दहा सेकंदांत बघून होतो, कारण त्यात घडत काहीच नाही. हवाई पायदळाला विमान आणि छत्री ही फक्त पोचायची साधनं. खरं काम जमिनीवरचं: शत्रूच्या पाठीमागे उतरायचं, एखादा पूल, खिंड किंवा धावपट्टी ताब्यात घ्यायची आणि मागून येणारं सैन्य पोचेपर्यंत ती सोडायची नाही. जवळ रणगाडे नाहीत, जड तोफा नाहीत, दारूगोळा सोबत आणला तेवढाच. म्हणून दर्शनी जागेचा दोन तृतीयांश भाग पुलाला द्या, आकाश मागे राहू द्या.

प्रसंग निवडायचा तर ११ डिसेंबर १९७१ चा, बांगलादेश युद्धातला, ढाक्याच्या वायव्येला असलेल्या टांगाईलचा. पाकिस्तानची ९३ ब्रिगेड मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेत होती. तिची वाट अडवायला लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांची २ पॅरा बटालियन लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलाजवळ उतरवली गेली. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ साली रेजिमेंट नव्याने उभी राहिली तेव्हा १ पॅरा पंजाबातून, २ पॅरा मराठ्यांतून आणि ३ पॅरा कुमाऊंमधून आली. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी पुलावर त्यांना येऊन मिळाली ती १ मराठा लाइट इन्फन्ट्री. ठाण्यातल्या मंडळाला याहून जवळचा विषय शोधूनही सापडायचा नाही.

दिशा आधी पक्क्या करा. प्रेक्षकाच्या डावीकडे उत्तर, उजवीकडे ढाका. शत्रू डावीकडून येतो आणि त्याच्या मागावर असलेली १ मराठासुद्धा डावीकडूनच. ही गोष्ट लोकांना कळली तर देखावा कळला. बहुतेक ठिकाणी मदतीला येणारी तुकडी उजवीकडून आणतात, मग मधे सापडलेला शत्रू दिसतच नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना खंदकातले जवान ठेवा, पण बहुतेकांची तोंडं डावीकडे.

बारा बाय आठ फुटांचं टेबल धरू, १२ एमएम प्लायचं, जमिनीपासून तीन फुटांवर. इथे दोन मापं वापरावी लागतात. पुढचा पूल, माणसं, गाड्या १:३५, म्हणजे माणूस ५ सेंटीमीटरचा आणि पूल चार फुटांचा. मागचं आकाश १:१४४. उडी साधारण हजार फुटांवरून धरली (घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरची तिप्पट उंची), तर १:१४४ मध्ये ती जवळपास सात फूट होते आणि मंडपात बसते. सगळं १:३५ मध्ये करायला गेलात तर विमान जवळपास तीस फुटांवर टांगावं लागेल, किंवा नेहमी होतं तसं ते जवानांच्या डोक्यावर लटकेल.

विमानं दोन प्रकारची, दोन्ही वाहतुकीची. १:१४४ मध्ये डकोटाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २० सेंटीमीटर, सी-११९ पॅकेटचे २३. डकोटातून उड्या डाव्या बाजूच्या मागच्या दारातूनच पडतात. पॅकेटला शेपटाचे दोन दांडे असतात, ते विसरलात तर ते पॅकेट नव्हेच. त्या दिवशी एएन-१२ आणि कॅरिबूही होती, पण तीन पॅकेट आणि दोन डकोटा टांगल्या तरी पुरे.

छत्र्यांत सगळ्यात जास्त कामं बिघडतात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तो विचार सोडा. मलमलीचे ९ सेंटीमीटर व्यासाचे गोल कापा, पॉलिथिन गुंडाळलेल्या टेनिसच्या चेंडूवर ताणून वाळवा. खळ वापरू नका. भाद्रपदाच्या दमट हवेत ती चार दिवसांत मऊ पडते आणि बुरशी धरते. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. रंग एकच, मळकट पांढरा. तिरंगी छत्र्यांचा मोह होणार आहे, तो आवरा. दोऱ्या आठच दाखवा, जास्त लावल्या तर गुंततात.

छत्र्या खाली येताना दिसायला हव्यात, आणि इथे वेग महत्त्वाचा. खरा जवान सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास उतरतो, म्हणजे हजार फुटांना पाऊण ते एक मिनिट. आपल्या सात फुटांना तेवढाच वेळ हवा असेल तर दोरा सेकंदाला ४ सेंटीमीटर सरकला पाहिजे. मिनिटाला १० फेऱ्यांची गिअर मोटार आणि साडेसात सेंटीमीटर व्यासाचं चाक लावलं की हिशोब जमतो. मोटार मुंबईच्या लोहार चाळीत मिळते. वायपर मोटार लावू नका, तिने छत्र्या दगडासारख्या पडतात. एका शाफ्टवर तीन चाकं, प्रत्येकावर दोऱ्याचा बंद फेरा. उतरती बाजू निळ्या पडद्यापुढे, चढती मागे. दोरा म्हणजे तंगूस, चेंदणी कोळीवाड्यात जाळ्याचं सामान विकणाऱ्यांकडे मागा. छत्री फेऱ्याला थेट बांधू नका. चार इंचांच्या दोऱ्याने टोकाला लटकवा, म्हणजे चाकावरून जाताना उलटत नाही. दर पंधरा सेंटीमीटरला एक. तंगूस गुळगुळीत चाकावर घसरतो, तर चाकाला पॉलिश पेपरची पट्टी चिकटवा. तो ताणतोही, म्हणून खालच्या चाकाला स्प्रिंग हवी. गाठ सुटते, तिच्यावर फेविक्विकचा एक थेंब. आणि पडद्याजवळ पंखा अजिबात नको.

जमीन डिसेंबरची आहे हे लक्षात ठेवा. हिरवंगार भात दाखवलं की चुकलं. काथ्या आणि भुसा मिसळून कापणी झालेली शेतं करा, मधे दोन-तीन डबकी, केळीची झाडं. उडी दुपारी साडेचारच्या सुमारास झाली. पिवळसर एलईडी कमी उंचीवरून, पश्चिमेकडून, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूने लावा. मग प्रकाश उतरवत न्या. अंधार पडल्यावर पूल हाती आला आणि रात्रभर शत्रूचे हल्ले झाले, तेव्हा पुढचा भाग फक्त लाल ठिणग्यांवर चालतो. वायरिंगला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा, पावसात मंडप गळतोच.

माणसं शाडूची केली तर बंदूक आणि मनगट तुटतं. आत २२ गेजची तार घाला. चाळीस पुतळे पुरतात. हातात एसएलआर रायफल. इन्सास नको, ती नव्वदच्या दशकात आली. आजचा ठिपक्यांचा गणवेश नको. उडी मारणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, पाठीवर मुख्य छत्री, छातीवर राखीव. मरून टोपी उतरल्यानंतरची. ‘बलिदान’चा बिल्ला कुठेही दाखवू नका: तो स्पेशल फोर्सेसचा, आणि २ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली ती बरीच नंतर. १९७१ मध्ये कमांडो पलटणी होत्या ९ आणि १० पॅरा. त्यामुळे निवेदनातही सरसकट ‘पॅरा कमांडो’ म्हणू नका. गावकरी मात्र जरूर ठेवा. पेट्या वाहून नेणारे सात-आठ जण. टांगाईलच्या लोकांनी आणि तिथले गनिमी नेते कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीने मोठी मदत केली होती.

एक सापळा छायाचित्राचा. छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचं जे छायाचित्र तेव्हा जगभर छापलं गेलं, ते टांगाईलचं नाही, आधीच्या सरावाचं आहे. त्याच सुमारास पाच हजार जवान उतरल्याची बातमी पसरली. उतरला होता तो एका बटालियनचा गट. फ्लेक्सवर पाच हजार छापू नका.

निवेदन तीन मिनिटांचं, साडेतीनशे शब्दांच्या आत. इतिहासाला पहिली चाळीस सेकंदं: १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिलेली ५० पॅराशूट ब्रिगेड, १९४४ मध्ये मणिपूरच्या संगशाकला तिने जपान्यांना रोखलं ते, १९४८ मध्ये झांगरला पडलेले तिचे कमांडर ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, १९६५ मध्ये १ पॅराने घेतलेली हाजी पीर खिंड. बाकी वेळ पुलाला. शेवटी १६ डिसेंबरची सकाळ: ढाक्यात शिरलेली पहिली भारतीय पलटण हीच होती. १९८८ ची मालदीवची मोहीम आणि कारगिल बाहेरच्या फलकावर जाऊ द्या, रांगेत उभं असताना लोक वाचतात. आवाज प्रकाशाशी जुळवताना छत्र्यांची मोटार चालूच ठेवा. दर खेळाला बंद-चालू केली की फेरे ढिले पडतात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांत अडकतात. प्रतिष्ठापनेच्या दोन दिवस आधी सगळं सलग चार तास चालवून बघा, मोटारीला हात लावून. चटका बसला तर एका शाफ्टवर तीनऐवजी दोनच फेरे ठेवा.