डीग्रोथचं काम कूलरपासून: नागपुरात दुरुस्ती कट्टा कसा भरवावा

डीग्रोथ, म्हणजे गरजेपुरतं उत्पादन आणि वस्तूंचा पुरेपूर वापर, हे भाषणातून फारसं कुणाच्या गळी उतरत नाही. कूलर सुरू झाला की उतरतं. दुरुस्ती कट्टा, म्हणजे वस्तीने जमून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायची बैठक, होळीच्या आधी भरवा. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मेकॅनिक सापडत नाही आणि लोक थेट नवा कूलर घेऊन मोकळे होतात.

समाजभवनात रविवारी तीन तास, चार टेबलं, जास्तीत जास्त बारा वस्तू. नावं आधी नोंदवा. अख्खा कूलर आणू देऊ नका. फक्त पंप आणि पंख्याची मोटर. वस्तूचा मालक शेजारी बसलाच पाहिजे, नाहीतर कट्ट्याचं भंगारगोदाम होतं.

साहित्य: मल्टीमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं मीटर), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला बोर्ड आणि १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट बोर्ड. प्रत्येक वस्तू आधी याच बल्बवर लावा. पूर्ण उजेड पडला तर आत शॉर्ट असू शकतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही? बहुतेकदा बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचलेले असतात. प्लग बोर्डातून काढा, पंपाची जाळी आणि आतला छोटा पंखा सोडवा, लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) टाकून ते सुटे भाग अर्धा तास भिजवा. सीलिंग फॅन हळू फिरतो तेव्हा बहुतेक वेळा कॅपॅसिटर, म्हणजे मोटरीला जोर देणारी छोटी डबी, उतरलेला असतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर दोनच्या खाली दाखवतो, तर त्याच आकड्याचा नवा टाका. जास्त आकड्याचा टाकला तर फॅन जोरात फिरेल, पण वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, तापेल.

कूलरच्या मोटरीची वायर आणि बॉडी यांमध्ये मेगर एक मेगओमपेक्षा कमी दाखवत असेल तर ती परत देऊ नका, मालक कितीही म्हणो, ‘चालते ना जी!’ लोखंडी टाकी, ओली फरशी आणि तुटलेलं अर्थिंग मिळून जीव जातो. मायक्रोवेव्ह तर उघडायचाच नाही. बंद असतानाही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो.

वस्तीतल्या मेकॅनिकला बोलवा आणि दिवसाची मजुरी द्या. फुकट दुरुस्ती करून त्याचंच पोट मारणं हा कसला डीग्रोथ? सुट्या भागांचे पैसे मालकाचे, मजुरी देणगीपेटीतून.

वहीत वस्तू, बिघाड, लागलेला भाग आणि निकाल लिहा. न जमलेल्या दुरुस्त्याही लिहा, कारणासकट: भाग मिळत नाही, की कंपनीने बॉडी चिकटवून टाकलीय. ग्राहक पंचायतीकडे किंवा कंपनीकडे तक्रार न्यायची तर हीच पानं हातात लागतात.